कोऱ्या चेहऱ्याआड काय चालतं?

"बाप गेला तरी पोराच्या डोळ्यांत टिपूस नाही." मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात मयतीच्या घरी ओट्यावर हे ऐकायला मिळतं. पोराला स्किझोफ्रेनिया असेल तर पुढचं वाक्य ठरलेलं: "त्याला काय कळतंय!" मग आवाज खाली आणून, "बाहेरचं आहे." पाठोपाठ देवऋषी, उतारा, अमावास्या. लिंबू कापून मेंदूतलं डोपामीन हे रसायन हलत नाही. आणि भूत उतरवतो म्हणून बांधणं-मारणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. एवढं बोलून मुद्द्यावर येतो.

भास आणि संशय ही या आजाराची गाजणारी लक्षणं. चेहरा सपाट होणं, आवाजातला चढउतार जाणं ही गप्प लक्षणं. क्रेपेलिन आणि ब्लॉयलर या मनोविकारतज्ज्ञांनी ती शंभर वर्षांपूर्वीच नोंदवली, पण चेहऱ्यावर काही नाही म्हणजे आतही काही नाही, असा समज पुढे बरीच वर्षं टिकला.

1990 च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅन क्रिंग आणि जॉन नील या मानसशास्त्रज्ञांनी तो तपासला. रुग्णांना आणि निरोगी माणसांना हसवणारे, रडवणारे, घाबरवणारे चित्रपटांचे तुकडे दाखवले. कॅमेऱ्यात रुग्णांचे चेहरे फारसे हलले नाहीत. मात्र काय वाटलं असं विचारल्यावर त्यांनी इतरांइतक्याच भावना सांगितल्या. घामामुळे त्वचेची विद्युतवाहकता बदलते. ती मोजली तर रुग्णांमध्ये हा बदल उलट जास्तच होता. बोअरची मोटर चालू, पाणी वर चढतंय, शेवटच्या नळाला तेवढी धार नाही!

याहून भारी गोष्ट स्नायूंची. हसताना ओठांचे कोपरे झायगोमॅटिकस मेजर हा स्नायू ओढतो, कपाळाला आठ्या घालताना भुवया कॉरुगेटर सुपरसिली जवळ आणतो. गालावर आणि भुवईवर इलेक्ट्रोड चिकटवले, की डोळ्यांना न दिसणारी हालचालही विजेच्या लहरींत उमटते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत अशा पुसट लहरी सापडल्या, त्याही भावनेला साजेशा.

चेहऱ्याला हुकूम दोन वाटांनी येतो. फोटोसाठी मुद्दाम हसतो ते मेंदूच्या हालचाल-केंद्राकडून. विनोदावर आपसूक फुटणारं हसू मेंदूच्या आतल्या सिंग्युलेट भाग आणि बेसल गँग्लियामार्गे. दोन्ही वाटा मेंदूच्या देठातल्या पॉन्समध्ये, चेहरा हलवणाऱ्या सातव्या मज्जातंतूच्या केंद्रकात भेटतात. पक्षाघाताचे काही रुग्ण सांगून हसू शकत नाहीत, पण विनोदावर दोन्ही गालांनी हसतात. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, बरोबर उलट, कारण बेसल गँग्लियाला डोपामीन लागतं. स्किझोफ्रेनियाची बरीच औषधं डोपामीनच अडवतात, म्हणून कधीकधी त्यांच्यामुळेही चेहरा ताठरतो. सगळा दोष औषधांवर टाकू नका; पहिलं औषध 1952 चं, क्रेपेलिनच्या नोंदी त्याआधीच्या. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगितलं की डोस किंवा औषध बदलता येतं. जवळपास मनोविकारतज्ज्ञ नसेल तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर सल्ला मिळतो.

कॅमेऱ्यानं मनातलं ओळखण्याचा दावा करणारी ॲपं हल्ली विकली जातात. अशा रुग्णासमोर ती ओट्यावरच्या मंडळींइतकीच फसतील.

घरच्यांनी मात्र फसू नये. ज्या घरात सतत टोमणे आणि राग असतो, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त, हे ब्रिटनमधल्या अभ्यासांपासून अनेक देशांत दिसलंय. "दगडासारखा काय बसलास" हा टोमणाच आहे. क्रिंग-नील यांच्या प्रयोगात रुग्णांनी भावना सांगितल्या, त्या कुणीतरी विचारल्यावर.