स्लोव्हेनियातील खेळ

स्लोव्हेनिया हा मध्य युरोपातील सुमारे २१ लाख लोकसंख्येचा देश. क्षेत्रफळ २०,२७३ चौ. किमी., म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडे अधिक. १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून बाहेर पडून तो स्वतंत्र झाला. स्की-उडी (पायांना स्की म्हणजे लांब पट्ट्या बांधून बर्फाळ उतारावरून घेतलेली झेप), सायकल शर्यत, प्रस्तरारोहण, ज्यूदो, नौकानयन आणि बास्केटबॉल या खेळांत त्याने मिळवलेले यश लोकसंख्येच्या मानाने थक्क करणारे आहे. या यशाचे मूळ राजधानीतल्या एखाद्या मोठ्या क्रीडासंकुलात नसून गावोगावच्या क्लबांत आहे. येसेनित्से या पोलाद कारखान्याच्या गावात बर्फावरचे हॉकी, त्सेल्ये शहरात हँडबॉल आणि ज्यूदो, ब्लेडच्या तळ्यावर नौकानयन, सावा नदीच्या वरच्या खोऱ्यात स्की, असे प्रत्येक ठिकाणाचे आपापले वेड आहे. देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला मोटारीने साधारण तीन तासांत पोहोचता येते, त्यामुळे होतकरू मुलाला घर सोडल्यावाचून चांगल्या प्रशिक्षकापर्यंत जाता येते.

जुनी परंपरा जिम्नॅस्टिक्सची आहे. १८६३ मध्ये ल्युब्ल्यानात ‘सोकोल’ चळवळीची तालीमसंस्था निघाली आणि व्यायामाला राष्ट्रीय अस्मितेची जोड मिळाली. नोवो मेस्तो येथे जन्मलेला लिओन श्टुकेल्य (१८९८–१९९९) याच परंपरेतला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने सर्वांगीण स्पर्धा आणि आडवा बार यांत, तर १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला रिंग्जवर सुवर्ण मिळवले. १९३६ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, बर्लिनला त्याने रिंग्जवरच रौप्य घेतले. त्याची एकूण सहा पदके युगोस्लाव्हियाच्या नावावर आहेत. पुढे मिरोस्लाव त्सेरार याने १९६४ आणि १९६८ असे लागोपाठ दोनदा पॉमेल हॉर्सवर (वर दोन मुठी असलेल्या लांबट ‘घोड्या’वर) सुवर्ण जिंकले. या साधनावर क्षणभरही थांबता येत नाही. दोन्ही पाय जुळवून वर्तुळे काढत घोड्याचे तिन्ही भाग वापरावे लागतात आणि शरीराचा सारा भार एका हातावरून दुसऱ्या हातावर सरकत राहतो. हात टेकवायला किंचित उशीर झाला की कंबर खाली येते, पाय घोड्याला घासतात आणि लय तुटते. तुटलेली लय पुन्हा पकडणे जवळपास अशक्य असते.

प्लानित्सा आणि स्की-उड्डाण. देशाचा वायव्य कोपरा इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमांना भिडतो. तिथे रातेचे गावाजवळ प्लानित्साचे खोरे आहे. १९३४ मध्ये इथे मोठी उडीटेकडी उभी राहिली. विमानांचे आराखडे करणारा अभियंता स्टांको ब्लौदेक याने ती वाढवली. १५ मार्च १९३६ रोजी ऑस्ट्रियाच्या सेप ब्राडलने इथेच १०१ मीटर उडी मारली. माणसाने स्कीवरून १०० मीटर ओलांडण्याची ती पहिली वेळ. व्लादो आणि यानेझ गोरिशेक या अभियंता बंधूंनी बांधलेली शेजारची महाटेकडी (अशा सर्वांत मोठ्या टेकडीवरची उडी म्हणजे स्की-उड्डाण) १९६९ मध्ये खुली झाली, आणि १९९४ मध्ये फिनलंडच्या टोनी निएमिनेनने तिच्यावर २०३ मीटरची उडी उभ्याने पूर्ण केली. देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कार ब्लौदेकच्या नावाने दिला जातो.

प्रत्येक टेकडीवर एक आधारबिंदू ठरलेला असतो. महाटेकडीवर तो २०० मीटरवर आहे. तिथे उतरल्यास १२० गुण मिळतात आणि पुढच्या प्रत्येक मीटरला १.२ गुणांची भर पडते. म्हणजे २४० मीटरच्या उडीला अंतराचे १६८ गुण. शैलीसाठी पाच पंच प्रत्येकी २० पैकी गुण देतात. त्यांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा वगळून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात, म्हणून शैलीचे कमाल गुण ६०. समोरून येणारा वारा उचल देतो, म्हणून त्याचे गुण कापतात. मागचा वारा खाली दाबतो, म्हणून त्याचे गुण वाढवून देतात. पंचमंडळाने सुरुवातीची पट्टी (खेळाडू जिथून सुटतो ती) वरखाली केली, तर वेगात पडणाऱ्या फरकाचेही गुण वजा-अधिक होतात. नवख्या प्रेक्षकाला लांब उडी मारणारा मागे का पडला हे कळत नाही, त्याचे उत्तर बहुधा या हिशेबात असते.

खेळाडू बर्फाच्या दोन खाचांतून, गुडघे छातीशी घेऊन घसरत येतो. महाटेकडीवर वेग ताशी १०० किमी.च्या वर जातो. धावपट्टीचे टोक वर उचललेले असते असा अनेकांचा समज असतो, पण ते किंचित खालीच झुकलेले असते. उडी खेळाडूने पायांनी घ्यायची असते, आणि त्यासाठी हाती असतो सेकंदाचा लहानसा अंश. जोर कडेच्या आधीच लावला तर शरीर उभे राहते आणि वाऱ्याला आडवे येते. उशीर झाला तर पायांखाली जमीनच नसते आणि जोर हवेत वाया जातो. पुढे स्कीची टोके फाकवून इंग्रजी ‘व्ही’चा आकार करायचा आणि छाती जवळजवळ स्कीवर झोकून द्यायची. १९८० च्या दशकात स्वीडनच्या यान बोक्लेवने ही पद्धत आणली तेव्हा पंच तिचे शैलीगुण कापत. उचल मात्र इतकी वाढली की काही वर्षांत सगळ्यांनीच ती उचलली. प्रमाणापेक्षा पुढे झुकल्यास स्कीची टोके खाली जातात, वारा वरून आदळतो आणि खेळाडू डोक्यावर फिरतो. हा सर्वांत धोकादायक अपघात. उतार उड्डाणमार्गाला जवळजवळ समांतर कोरलेला असल्यामुळे नीट उडालेला खेळाडू जमिनीपासून काही मीटरच उंच राहतो. शेवटी एक पाय पुढे, दुसरा मागे आणि गुडघे वाकवून, म्हणजे टेलेमार्क पद्धतीने, उतरायचे. दोन्ही पाय जुळवून उतरल्यास शैलीगुण जातात.

स्कीची लांबी खेळाडूच्या उंचीच्या १४५ टक्क्यांपर्यंतच असू शकते, आणि वजन कमी असेल तर तीही घटवावी लागते. हलके शरीर लांब तरंगते म्हणून खेळाडू उपाशी राहू लागले होते, त्याला आळा घालण्यासाठी हा नियम आला. पोशाख ढगळ असेल तर तो पंखासारखे काम करतो, म्हणून तोही मोजला जातो.

अपघाताने प्रसिद्ध झालेला स्लोव्हेनियन म्हणजे विंको बोगाताय. १९७० मध्ये पश्चिम जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे बर्फ पडत होते आणि धावपट्टी फार वेगवान झाली होती. निम्म्यावर आल्यावर त्याने थांबण्याचा प्रयत्न केला, तोल गेला आणि तो कडेवरून कोलांट्या खात बाहेर फेकला गेला. डोक्याला सौम्य मार बसला, पण तो वाचला. अमेरिकन दूरचित्रवाणीने ते दृश्य वर्षानुवर्षे दाखवले. या खेळात अर्ध्यावर माघार घेता येत नाही, हे त्या दृश्याइतके स्पष्ट क्वचितच कळते.

मुले आधी लहान टेकड्यांवर उड्या मारतात आणि वयानुसार मोठ्या टेकडीकडे सरकतात. उन्हाळ्यात पाणी शिंपडलेल्या प्लास्टिकच्या आच्छादनावर सराव चालतो, त्यामुळे वर्ष वाया जात नाही. झेलेझ्निकीजवळच्या दोलेन्या वास या गावच्या प्रेव्हत्स कुटुंबातली चार भावंडे याच वाटेने वर आली. पेटर याने २०१५ मध्ये नॉर्वेतील विकरसुंद येथे प्रथमच २५० मीटर गाठले आणि २०१५–१६ च्या हंगामात विश्वचषकाच्या १५ फेऱ्या जिंकल्या. त्सेने याने २०२२ मध्ये सांघिक ऑलिंपिक रौप्य मिळवले. निका २०२५ मध्ये ट्रॉन्डहाइमला दोन्ही वैयक्तिक प्रकारांत विश्वविजेती झाली. दोमेनने ३० मार्च २०२५ रोजी प्लानित्सातच २५४.५ मीटरचा जागतिक विक्रम केला. बीजिंग ऑलिंपिकमध्ये (२०२२) उर्शा बोगाताय हिने नॉर्मल हिलवर (छोट्या टेकडीच्या प्रकारात) आणि मिश्र संघाने सुवर्ण जिंकले.

स्कीच्या उतार शर्यतींत तीना माझे हिचे नाव सर्वांत वर आहे. २०१२–१३ च्या विश्वचषक हंगामात तिने २,४१४ गुण मिळवले आणि पाचही प्रकारांत विजय नोंदवले. अति वेगाची डाउनहिल आणि आखूड वळणांची स्लालम यांना लागणारे स्कीही वेगळे आणि शरीराची ठेवणही वेगळी. दोन्हींत जिंकणारे खेळाडू फार थोडे. सोची ऑलिंपिकमध्ये (२०१४) तिने दोन सुवर्णपदके घेतली. त्यांतले डाउनहिलचे सुवर्ण स्वित्झर्लंडच्या डॉमिनिक गिसिनसोबत विभागून मिळाले, कारण दोघींची वेळ शतांश सेकंदापर्यंत सारखी होती.

सायकलिंग. प्रिमोझ रोग्लिच (जन्म १९८९) हा मुळात स्की-उडीपटू. २००७ मध्ये तो कनिष्ठ गटाच्या जगज्जेत्या संघात होता. त्याच वर्षी प्लानित्सात तो वाईट पडला. पुढे काही वर्षांनी त्याने सायकल धरली. वजनाच्या मानाने पायांत प्रचंड ताकद आणि वेगाची भीती मेलेली, हे दोन्ही गुण डोंगरी शर्यतीत उपयोगी पडले असावेत. व्हुएल्टा ही स्पेनची शर्यत त्याने चार वेळा जिंकली. २०२० च्या टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या शर्यतीत शेवटून दुसऱ्या दिवशी तो ५७ सेकंदांनी पुढे होता. ३६.२ किमी.च्या वैयक्तिक घड्याळी शर्यतीत (एकेकट्याने निघून कमीत कमी वेळ नोंदवायची) तादेय पोगाचारने ती आघाडी पुसून टाकली आणि एकूण ५९ सेकंदांनी टूर जिंकली. पहिले दोघेही स्लोव्हेनियाचे. पोगाचारला २२ वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा एक दिवस बाकी होता. २०२३ च्या जिरो द’इटालिया या इटलीच्या शर्यतीत रोग्लिचची घड्याळी शर्यत माँते लुस्सारीच्या चढावर होती. प्लानित्साच्या जवळच, सीमेपलीकडे. खडबडीत सिमेंटच्या रस्त्यावर सायकलची साखळी निसटली. ती बसवल्यावर त्या तीव्र चढावर पुन्हा गती घेणे हेच खरे संकट; मागून धक्का द्यायला धावला तो त्याचा जुना स्की-उडी सहकारी. तरीही रोग्लिचने तो टप्पा आणि १४ सेकंदांनी जिरो जिंकली. पोगाचारने २०२४ च्या एकाच हंगामात जिरो, टूर आणि जागतिक रस्ता-अजिंक्यपद मिळवले. त्याआधी हे फक्त बेल्जियमचा एडी मेर्क्स (१९७४) आणि आयर्लंडचा स्टीफन रोश (१९८७) यांना जमले होते. २०२५ मध्ये तो चौथ्यांदा टूर जिंकला.

यान्या गार्नब्रेट (जन्म १९९९) ही स्पर्धात्मक प्रस्तरारोहणातली पहिली महिला ऑलिंपिक विजेती (टोकियो). पॅरिसमध्ये (२०२४) तिने ते सुवर्ण राखले. पॅरिसच्या नियमानुसार बोल्डरचे (दोरीविना बुटक्या भिंतीवरच्या चढाईचे) चार प्रश्न, म्हणजे चढायचे मार्ग, प्रत्येकी २५ गुणांचे होते आणि फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाला ०.१ गुण वजा होई. दोरीवरच्या चढाईला मात्र एकच संधी. वरच्या दहा पकडींना प्रत्येकी ४ गुण होते, खाली उतरत ते एकपर्यंत घटत. त्यामुळे बाहूंत ताकद राखून वर पोहोचणे हेच कसब. दोन्ही मिळून तिला २०० पैकी १६८.५ गुण मिळाले. देशाच्या नैर्ऋत्येकडे मिश्या पेच येथील चुनखडीचे कडे चढाईसाठी प्रसिद्ध आहेत. भूगोलातला ‘कार्स्ट’ हा शब्दच जवळच्या क्रास पठाराच्या नावावरून आला.

स्वतंत्र देशाची पहिली ऑलिंपिक पदके १९९२ मध्ये नौकानयनात आली, दोन्ही कांस्य. पहिली दोन सुवर्णपदके २३ सप्टेंबर २००० रोजी सिडनीत एकाच दिवशी मिळाली: नौकानयनात इझ्तोक चोप व लुका श्पिक, आणि ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने अशा तीन स्थितींतल्या नेमबाजीत) रायमोंद देबेवेत्स. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्य मिळवले तो हाच प्रकार. देबेवेत्सच्या काळी मात्र प्रत्येक स्थितीत ४० गोळ्या झाडाव्या लागत, आता प्राथमिक फेरीत २० पुरतात. महिला ज्यूदोच्या ६३ किलो गटात २०१२, २०१६ व २०२४ ही तीन सुवर्णे उर्शका झोल्नीर, तीना त्रस्तेन्याक आणि आन्द्रेया लेश्की यांची. प्रिमोझ कोझ्मुसने २००८ मध्ये ८२.०२ मीटर हातोडाफेक करून सुवर्ण घेतले.

सांघिक खेळांत सर्वोच्च क्षण २०१७ चे युरोपीय बास्केटबॉल अजिंक्यपद. अंतिम सामन्यात सर्बियावर ९३–८५ असा विजय मिळाला, त्यात गोरान द्रागिचचे ३५ गुण होते. संघात १८ वर्षांचा लुका दोन्चिचही होता. फुटबॉल संघ २००२ आणि २०१० च्या विश्वचषकांत खेळला.

गिर्यारोहणाला इथे खेळाहून मोठे स्थान आहे. २,८६४ मीटर उंचीचे त्रिग्लाव शिखर राष्ट्रध्वजावरच्या ढालीत कोरले आहे. नेयत्स झाप्लोत्निक आणि आंद्रेय श्त्रेमफेल्य यांनी १९७९ मध्ये एव्हरेस्टची पश्चिम धार थेट चढून शिखर गाठले. दावो कार्निचार ७ ऑक्टोबर २००० रोजी शिखरावरून स्कीवर निघाला आणि वाटेत एकदाही स्की न काढता ४ तास ४० मिनिटांत तळछावणीवर उतरला.