भरतीचं घड्याळ, विजेचं घड्याळ

'धरणाचे नदीवर होणारे परिणाम' हा विषय भूगोलाच्या प्रकल्पवहीत येतो तेव्हा बहुतेकदा धरणाचा एक फोटो, पाच फायदे आणि पाच तोटे एवढ्यावर संपतो. मोजलेलं काहीच नसतं. घोळ विषयातच आहे. परिणाम कशावर? गाळावर, माशांवर, पाण्याच्या पातळीवर? यातलं एकच काहीतरी धरावं आणि ते जिथे ढळढळीत दिसतं अशी नदी गाठावी.

चिपळूणची वाशिष्ठी तशी आहे. कोकणातल्या बऱ्याच नद्या उन्हाळ्यात आटतात, ही वाहत राहते, कारण ते पाणी मुळात तिचं नव्हेच. कोयना महाबळेश्वरहून निघून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्या धरणातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून सुमारे 475 मीटर खाली पोफळीला उतरतं, वीज तयार करतं आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. याला अवजल म्हणतात. असं पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली. ते बारा महिने सारखं सोडलं तर सेकंदाला साधारण 60 हजार लिटर होतं. पण ते सारखं येत नाही. विजेची मागणी वाढली की वीजनिर्मितीचे संच चालू होतात, उतरली की थांबतात, आणि नदी त्यांच्या मागोमाग चढते-उतरते.

तेव्हा प्रश्न असा घ्या: अवजलामुळे वाशिष्ठीची पातळी दिवसभरात किती बदलते? तीन ठिकाणं निवडा. एक अवजल मिळतं त्याच्या वर, दुसरं त्याच्या खाली, तिसरं गोवळकोटला खाडीवर. प्रत्येक ठिकाणी बांबूवर पाच-पाच सेंटिमीटरला रंगाच्या रेघा ओढून तो काठाशी पक्का रोवायचा आणि दर तासाला आकडा टिपायचा. वरच्या ठिकाणी काही घडणार नाही, मुलं कंटाळतील. तरी तेच ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं, कारण धरण नसतं तर काय झालं असतं ते तिथेच दिसतं.

खरी गंमत तिसऱ्या ठिकाणी आहे. तिथेही पाणी चढतं-उतरतं, पण भरती-ओहोटीमुळे. एकाच दिवसाच्या नोंदींवरून समुद्राचं काम धरणाच्या नावावर खुशाल चढेल. इथे कोकणातला जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीच्या मुखावरच्या दाभोळहून आत यायला भरतीला वेळ लागतो, त्यामुळे चिपळूणला हे आकडे जसेच्या तसे जुळणार नाहीत. पण भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, हे इथेही खरंच. विजेची मागणी चंद्र बघत नाही. घरोघरी दिवे लागायची वेळ आज जी, तीच साधारण उद्याही. म्हणून किमान आठवडाभर नोंदी घ्या. जो चढ रोज पुढे सरकतो तो समुद्राचा, जो घड्याळाला धरून राहतो तो बहुधा संचांचा. रविवारी काय होतं तेही बघा.

हे सगळं जानेवारीत करावं. पावसाळ्यात धरण, पाऊस आणि उधाण एकमेकांत मिसळतात. 22 जुलै 2021च्या पुरानंतर धरणाच्या पाण्यावरून चिपळुणात बरेच वाद झाले. ते बांबूच्या पट्टीनं सुटणारे नाहीत, आणि मुलांनी त्यात पडूही नये.

पाण्याचा वेग मोजायला असोला, म्हणजे न सोललेला, नारळ उत्तम. तो अर्धाअधिक बुडून तरंगतो, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही. काठावर 20 मीटर मोजून दोन खुणा करा, नारळाला लागलेले सेकंद टिपा आणि आलेल्या वेगाला 0.85नं गुणा, कारण तळाजवळचं पाणी वरच्यापेक्षा हळू चालतं.

पाण्यात मात्र कुणीही उतरायचं नाही. अवजल कधी वाढेल याचा नेम नसतो, सगळी मोजणी काठावरून किंवा पुलावरूनच. म्हणजे नारळ दर खेपेला गेलाच समजा. डझनभर आणून ठेवा.