जट कशी होते?

“देवीची जट आहे, कापायची नाही.” पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हे आजही ऐकू येतं. जट आली म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं आलं, असं समजून पूर्वी मुली देवीला सोडल्या गेल्या. जटेची खरी कुळकथा मात्र केसाच्या सालीत आहे.

केस दिसतो तितका गुळगुळीत नसतो. त्याच्यावर केराटिनचे चपटे खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात आणि सगळ्यांची टोकं शेंड्याच्या दिशेला असतात. एका लांब केसावरून चिमटी मुळाकडून शेंड्याकडे ओढा, सुळकन सरकेल. उलटी ओढा, अडखळेल. आता दोन केस उलटसुलट एकमेकांना भिडले की खवल्यांत खवले अडकतात. घासलं की ते पुढे सरकतात, पण मागे येत नाहीत. मेंढीच्या लोकरीचा नमदा, म्हणजे जाड दाट कापड, न विणता बनतो, तो याच गुणावर.

पण डोक्यावर तर सगळे केस एकाच दिशेने वाढतात, मग उलटे केस येतात कुठून? गळलेल्या केसांतून! माणसाचे रोज साधारण 50 ते 100 केस गळतात आणि फणीत निघून येतात. विंचरणंच थांबलं की ते आतच राहतात, आडवेतिडवे फिरतात आणि डोक्यावरच्या केसांना गुंतवतात. घाम, तेल, धूळ, कोंडा यांनी गुंता चिकटतो. अंथरुणाला खिळलेलं माणूस, मानसिक आजार, उवांचा त्रास, अशा वेळी हे सहज होतं. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतात, म्हणून जटही ‘वाढते’. तिच्या ओझ्याने मान दुखते आणि आत उवा सुखाने राहतात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. पोलंडमध्ये जटेला ‘कोल्तून’ म्हणत. शरीरातला रोग तिच्यात उतरतो, ती कापली तर माणूस आंधळा किंवा वेडा होईल, अशी तिथली भीती होती. क्राकोचे डॉक्टर युझेफ डिटल यांनी 19व्या शतकात या समजुतीविरुद्ध मोहीमच उघडली. पुढे 1866 मध्ये ते शहराचे महापौर झाले. आपल्याकडे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हेच काम करतात. कात्री चालवायला फार वेळ लागत नाही. घरच्यांची समजूत काढायला लागतो.

जट एका अंघोळीतही होऊ शकते. ओले केस फुगतात, खवले उचलले जातात आणि केसांचा ढीग डोक्यावर घेऊन खसाखसा चोळला की घट्ट गोळा बनतो. तेव्हा धुताना केस खाली मोकळे सोडावेत. गुंता नवा असेल तर भरपूर खोबरेल चोळून बोटांनी, शेंड्याकडून सुरुवात करत सोडवावा. मुळाकडून फणी घातली तर तो आणखी आवळतो. जुनी, नमद्यासारखी झालेली जट मात्र सुटत नाही, ती कापावीच लागते.