बंदुकांचं दुकान अत्यावश्यक आहे का? मार्च २०२० मधल्या अमेरिकी वादाची पार्श्वभूमी

मार्च २०२० च्या मध्यावर कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत बंदुकांच्या एका दुकानाबाहेरची रांग कोपरा वळून पलीकडच्या रस्त्यावर गेली होती. त्याच आठवड्यात सुपरमार्केटांतून टॉयलेट पेपर आणि पास्ता गायब झाला होता. त्या दिवसांत देशभर बंदूक घ्यायला आलेल्यांत आयुष्यात कधी बंदूक हातात न धरलेले कितीतरी होते. लॉस एंजेलिसच्या परिसरात आशियाई वंशाची कुटुंबंही होती. कोरोनाच्या साथीचा राग आपल्यावर निघेल, ही त्यांची भीती होती. पोलीस आजारी पडले तर घर कोण राखणार, तुरुंग रिकामे करतायत म्हणे, असंही लोकांच्या मनात होतं. २० मार्च या एकाच दिवशी देशभरात बंदूक घेणाऱ्यांच्या गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या २ लाख १० हजारांहून जास्त तपासण्या झाल्या. त्या महिन्याचा आकडा ३७ लाखांवर गेला आणि वर्षाचा सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर. तपासणी म्हणजे विक्री नव्हे, परवान्यांसाठीच्या तपासण्याही त्यात मोजल्या जातात. तरी लोक कुठल्या मनःस्थितीत होते ते या आकड्यांवरून कळतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात दुकानं बंद करण्याचे आदेश निघाले. १६ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या काउंट्यांनी (म्हणजे जिल्ह्यांनी), १९ मार्चला कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनिया राज्यांनी, २१ मार्चला न्यू जर्सीने. किराणा चालू, औषधं चालू, पेट्रोल पंप चालू. बंदुकांचं काय, याचं उत्तर बहुतेक आदेशांत सरळ लिहिलेलंच नव्हतं. इलिनॉयच्या गव्हर्नरने २० मार्चच्या आदेशात बंदुका आणि दारूगोळा विकणाऱ्यांचा उल्लेख करून त्यांना स्पष्ट मुभा दिली. सॅन होजेच्या मेयरांनी उलट सांगितलं की खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी झुंबड उडालीच आहे, बंदुकांसाठी तशी झुंबड शहराला परवडणार नाही.

हा प्रश्न इतका पेटला याचं कारण अमेरिकेतल्या बंदूकखरेदीच्या पद्धतीत आहे. चपला किंवा सोफा ऑनलाइन मागवला की घरी येतो. नवी बंदूक तशी येत नाही. इंटरनेटवर पैसे भरले तरी ती खरेदीदाराच्या भागातल्या परवानाधारक दुकानात पोहोचते. तिथे काउंटरवर उभं राहून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवायचं. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला आहात का, घरगुती हिंसाचाराचा गुन्हा नावावर आहे का, अमली पदार्थ घेता का, अशा प्रश्नांना हो-नाहीची खूण करून खाली सही करायची. मग दुकानदार फोनवरून किंवा संगणकावरून सरकारी तपासणी यंत्रणेला विचारतो, आणि उत्तर येतं : द्या, थांबा किंवा देऊ नका. कॅलिफोर्नियात त्यापुढे १० दिवस वाट पाहावी लागते. म्हणजे १२ मार्चला पैसे भरलेल्या माणसाला बंदूक २२ मार्चला हातात मिळायची, आणि तोवर त्याच्या भागात दुकानाला कुलूप लागलेलं असू शकायचं. जुलै २०१९ पासून त्या राज्यात काडतुसांसाठीही अशी समोरासमोर तपासणी लागते.

दुकान हे एकमेव दार होण्यामागे जुना इतिहास आहे. १९१८ च्या साथीत थिएटरं, शाळा, चर्च आणि दारूचे गुत्ते ठिकठिकाणी बंद झाले. बंदुकांच्या दुकानाचा प्रश्न तेव्हा या रूपात येणं शक्यच नव्हतं, कारण बंदूक हार्डवेअरच्या दुकानात मिळायची आणि सीअर्सच्या कॅटलॉगमधून टपालानेही घरी यायची. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून टोपणनावाने टपालावर मागवलेल्या रायफलने झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६८ च्या कायद्याने, टपालाचा हा व्यवहार बंद झाला आणि परवानाधारक विक्रेता मध्ये अनिवार्य झाला. १९९० च्या दशकात तपासणी आली, १९९८ अखेर ती संगणकावर गेली. प्रत्येक पायरी लोकांच्या जिवाच्या काळजीने उचलली गेली, आणि मला त्या सगळ्या योग्य वाटतात. पण त्यांतून आपोआप एक गोष्ट घडली. राज्यघटनेने दिलेल्या एका हक्काकडे जाणारा रस्ता शटर असलेल्या एका जागेतून जाऊ लागला.

दुसरी आठवण न्यू ऑर्लिन्सची. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर शहर पाण्याखाली होतं. तिथल्या पोलीसप्रमुखांनी जाहीर केलं की शस्त्र फक्त पोलिसांकडे राहील, आणि घराघरांतून कायदेशीर बंदुका उचलल्या गेल्या. सप्टेंबरअखेरच्या आत केंद्रीय न्यायालयाने ते थांबवलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून आपत्तीच्या काळात कायदेशीर बंदुका जप्त करायला मनाई केली. बंदूक बाळगणाऱ्यांच्या मनात ‘आणीबाणी आली की पहिला हात आपल्यावर पडतो’ ही धास्ती त्या वर्षापासून बसली. २०२० मध्ये ‘दुकानं बंद’ हे शब्द ऐकल्यावर इतका तीव्र संताप का उसळला, हे न्यू ऑर्लिन्स विसरून समजत नाही.

न्यायालयांकडे या प्रश्नाला तयार उत्तर नव्हतं. दुसऱ्या घटनादुरुस्तीतला शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे आणि घरात स्वसंरक्षण हा त्याचा गाभा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. विक्रीवर अटी घालणारे कायदे मात्र सर्वसाधारणपणे वैध मानले जातील, असंही त्याच निकालात होतं. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच एका काउंटीच्या प्रकरणात अपील न्यायालय म्हणालं की बंदूक विकण्याचा स्वतंत्र हक्क दुकानदाराला नाही, खरेदीदाराला ती मिळण्याची सोय उरते का तेवढं पाहायचं. आरोग्य अधिकाऱ्यांच्या हातात होता १९०५ चा निकाल. देवीच्या साथीत लस न घेतल्याबद्दल मॅसॅच्युसेट्समध्ये ५ डॉलर दंड झालेल्या एका पाद्र्याने खटला लढवला आणि तो हरला. साथीत सरकारला मोठी मोकळीक असते, ती तिथून आली.

आता ‘अत्यावश्यक’ या शब्दाकडे. सगळा गुंता खरा तिथे आहे.

मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा आहे. १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा आणि संपाच्या वेळी लागणारा मेस्मा यांमुळे आपल्या मनात त्याचं चित्र पक्कं आहे : दूध, धान्य, औषधं, पाणी, वीज, बस. अमेरिकेत २०२० मध्ये राज्यांनी वापरलेल्या शब्दामागे असा कायदा नव्हता. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, ‘काम करा नाहीतर लढा’ असा हुकूम निघाला होता आणि कोणता धंदा गरजेचा, कोणता बिनगरजेचा याची तिथे वाटणी झाली. हॉटेलातले वेटर, लिफ्ट चालवणारे आणि दुकानांतले विक्रेते बिनगरजेच्या बाजूला गेले. पण तो हिशेब सैन्यात कोणाला पाठवता येईल याचा होता. नंतर शब्द आला तो ‘कळीच्या पायाभूत सुविधां’चा. त्याची सुरुवात १९९६ मधली. दहशतवादी हल्ल्यात किंवा संगणकावरच्या हल्ल्यात देश ठप्प होऊ नये म्हणून काय जपायचं, याचा तो विचार होता. २०१३ पर्यंत त्याची १६ क्षेत्रं ठरली : वीज, पाणी, बँका, धरणं, दळणवळण वगैरे.

साथ आली तेव्हा हाताशी होती ती हीच १६ क्षेत्रं. गृहसुरक्षा खात्याच्या एका शाखेने १९ मार्चला त्यांवरून एक यादी काढली. ती कामगारांची यादी होती, हे विसरता कामा नये. जिल्ह्याच्या सीमेवर कोणी अडवलं तर वीज कंपनीच्या लाइनमनला पुढे जाऊ द्या, अशा उपयोगाची. कोणत्या नागरिकाला काय विकत घेता आलं पाहिजे, हा त्या यादीचा विषयच नव्हता. ती केवळ सल्ला आहे, केंद्राचा हुकूम नाही, असंही त्यात लिहिलं होतं. कॅलिफोर्नियाने मात्र आपल्या आदेशात त्या क्षेत्रांचाच आधार घेतला, इतर राज्यांनी कमीजास्त फरकाने तेच केलं. कामगारांची यादी बघता बघता दुकानांची यादी झाली.

२८ मार्चला सुधारित यादी आली आणि पोलीस, अग्निशमन यांच्या विभागात एक नवी ओळ दिसली. बंदुका आणि दारूगोळा बनवणारे, विकणारे, आयात करणारे, वितरक आणि शूटिंग रेंज, या सगळ्यांचे कर्मचारी त्या ओळीत आले. बंदूक उद्योगाने त्यासाठी पाठपुरावा केला होता. ओळ का घातली याचं कारण यादीत नाही. ना सुनावणी, ना साथरोगतज्ज्ञांचं मत, ना हक्कांबद्दल चर्चा. माझा आक्षेप इथे आहे. ओळ योग्य होती असं मानणाऱ्यालाही तिचं समर्थन करायला त्या कागदात एक वाक्य सापडत नाही, आणि विरोध करणाऱ्याला खोडायला युक्तिवाद सापडत नाही. तरी देशातल्या निम्म्या भांडणाचा निकाल त्या एका ओळीने लावला.

लॉस एंजेलिस काउंटीत काय झालं ते पाहावं. २४ मार्चला शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, सांगितलं, बंदुकांची दुकानं अत्यावश्यक नाहीत, बंद करा. काउंटीच्या वकिलांचं मत उलट पडल्यावर त्याने आदेश स्थगित केला. २५ ला गव्हर्नरने निर्णय शेरीफांवर सोपवला. २६ ला दुकानं पुन्हा बंद. ३० ला, केंद्राच्या नव्या यादीचा हवाला देऊन, पुन्हा उघडी. एका आठवड्यात चार वळणं, आणि दाराबाहेर उभ्या माणसाला आज काय नियम आहे ते पाटी वाचल्याशिवाय कळत नव्हतं.

पेनसिल्व्हेनियाने वेगळा शब्द वापरला होता : ‘जीवन टिकवणारे’ व्यवसाय. त्यात बंदुका बसल्या नाहीत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ मार्चला, रविवारी, याचिका फेटाळली, पण तीन न्यायमूर्तींनी वेगळं मत नोंदवलं : खरेदीला समोरासमोर हजर राहण्याची सक्ती कायदाच करत असेल, तर साथीत त्यासाठी काही मार्ग ठेवणंही सरकारला भाग आहे. दोन दिवसांत गव्हर्नरने गाजावाजा न करता यादी बदलली. वेळ ठरवून, एकेकाला बोलावून, मर्यादित तासांत विक्रीला परवानगी. न्यू जर्सीत तर राज्य पोलिसांनी तपासणीची यंत्रणाच थांबवली होती. खटला दाखल झाला, केंद्राची ओळ आली, आणि ३० मार्चला गव्हर्नरने वेळ ठरवून विक्री सुरू करायला मान्यता दिली. ही व्याख्या आपली नव्हे, असं त्यांनी बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या बाजूची काळजी खोटी नव्हती, आणि या वादाच्या बातम्यांत ती फार मागे पडली. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. शाळा बंद, मुलं दिवसभर घरात, नवरा-बायको एकाच छताखाली कोंडलेले, नोकरी गेलेली, आणि घरात पहिल्यांदाच आलेली बंदूक. ती कशी हाताळायची, कुलुपात कशी ठेवायची हे शिकवणारे वर्ग अनेक ठिकाणी बंद. शिवाय केंद्राच्या कायद्यात अशी तरतूद आहे की तीन कामकाजी दिवसांत तपासणीचं उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. मार्चमध्ये तपासण्यांचा ढीग साचला तेव्हा ही फट आणखी रुंद होण्याची भीती होती. उलट, मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळून आलेल्या, संरक्षणाचा आदेश हातात असलेल्या बाईलाही त्याच दारातून जायचं होतं. दोन्ही बाजूंचा विचार एकाच नियमात बसवायचा, तर पूर्ण बंद आणि पूर्ण उघडं यांच्यामधली वाट शोधायला हवी होती. ती अवघड नव्हती. १० एप्रिलला केंद्राच्या शस्त्रविभागाने सांगितलं की परवान्याच्या जागेतच खिडकीतून किंवा गाडीपाशी येऊन व्यवहार करायला हरकत नाही. हेच १९ मार्चला सांगता आलं असतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये ३१ मार्चच्या यादीत ही दुकानं आली आणि काही तासांत गळली. मे महिन्यात केंद्रीय न्यायाधीशाने ९ तारखेच्या दुपारपासून ती उघडायला लावली : तासाला जास्तीत जास्त चार ग्राहक, आधी वेळ घेऊन, सकाळी ९ ते रात्री ९. न्यूयॉर्कमधला खटला ऑगस्टमध्ये वेगळ्याच कारणाने फेटाळला गेला. फिर्यादी संघटनेला दाद मागण्याचा अधिकारच नाही, असं न्यायालयाने ठरवलं. मूळ प्रश्न तिथे अनुत्तरितच राहिला.

सर्वांत लांबलं ते कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा काउंटीचं प्रकरण. तिथे बंदुका, काडतुसं आणि रेंज मिळून सगळं ४८ दिवस बंद होतं, सायकलींची दुकानं मात्र उघडी होती. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. लॉस एंजेलिसच्या बंदीबद्दलही तोच निर्णय झाला. मुख्य निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशाने सोबत आणखी एक मत जोडलं : मोठं पीठ हा निकाल उलटवणारच, तेव्हा त्यांच्या सोयीसाठी उलट निकालाचा मसुदाही मीच देतो. मार्चमध्ये तो निकाल खरोखरच बाजूला ठेवला गेला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदूक बाळगण्याच्या दुसऱ्या एका खटल्यात कसोटीच बदलली, आजचा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो का ते पाहा असं सांगितलं, आणि व्हेंचुराचं प्रकरण खालच्या न्यायालयात परत गेलं.

राज्यांच्या पातळीवर काहींनी न्यायालयाची वाट पाहिली नाही. टेक्सासने २०२१ मध्ये कायदा करून आपत्तीकाळात बंदुकांची विक्री रोखण्याचा गव्हर्नरचा अधिकार काढून घेतला. न्यू ऑर्लिन्सनंतर, २००६ मध्ये, झालेल्या केंद्राच्या कायद्यात जप्तीला मनाई आहे, जवळ बाळगण्यावर बंदी घालायला मनाई आहे. दुकानाच्या कुलपाबद्दल त्यात एक शब्द नाही.