थ्रोट की ग्रूव्ह? मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या ओतीव गोळीचं माप कुठून घ्यायचं

०.३५७ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला शिशाची ओतीव गोळी ०.३५७ इंचाची घ्यावी की ०.३५८ ची, असं विचारणाऱ्याचं लक्ष बहुतेक वेळा नळीकडे असतं. बघायला हवं सिलिंडरकडे, म्हणजे ज्याच्या घरांत काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याकडे. रिव्हॉल्व्हरमध्ये दोन मापं अशी आहेत की कागदावर ती जवळजवळ सारखीच दिसतात. एक नळीतल्या खाचांचं, तळापासून समोरच्या तळापर्यंतचं, म्हणजे ग्रूव्हचं माप. दुसरं सिलिंडरमधल्या प्रत्येक घराच्या पुढच्या तोंडाचं, म्हणजे थ्रोटचं माप. दोहोंत फरक असतो एक-दोन थाऊचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. एवढ्याशा फरकावर शिशाची गोळी नीट जाणार की नळीभर शिसं फासून ठेवणार, ते ठरतं.

माझं आयुष्य इंदूरजवळच्या पीथमपूरच्या टूलरूममध्ये गेलं, भोकं आणि दांडे मोजण्यात. भाचा ओहायोत असतो. तिथे स्वतःच्या नेमबाजीपुरत्या गोळ्या ओतायला आणि काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही, आणि त्याला तो छंद आहे. त्याने मला विचारलं, "मामा, नळीचं माप घेऊन त्यात एक थाऊ मिळवायचा, एवढंच ना?" सगळेच असं सांगतात. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे.

पुढे जाण्याआधी इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र किंवा काडतूस बनवणं गुन्हा आहे. इंदुरात ज्यांच्याकडे परवान्याची कानपूरची ०.३२ रिव्हॉल्व्हर आहे, त्यांनी कारखान्यातून आलेलं काडतूस वापरायचं, बस. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडलेल्या विजय कुमारने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेतल्या ०.२२ च्या काडतुसाची गोळीही शिशाचीच, पण तीही कारखान्यातून तयार येते. म्हणून गोळीच्या जाडीचा प्रश्न आपल्याकडे माहितीपुरता आहे. पण यंत्रकाम ज्याला आवडतं त्याने तो समजून घ्यावा, इतका तो सुंदर आहे.

आता गोळीची वाट बघा. रायफल किंवा पिस्तुलात काडतुसाचं घर आणि नळी एकाच तुकड्यात कोरलेली असतात. गोळी केसमधून, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचातून, सुटते ती सरळ रायफलिंगमध्ये, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांमध्ये, शिरते. तिथे 'नळी मोजा, एक थाऊ वाढवा' हा नियम चालून जातो, आणि तो तिथूनच आला आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये घर वेगळं आणि नळी वेगळी. गोळी आधी सिलिंडरमधल्या थ्रोटमधून जाते, मग सिलिंडर आणि नळीमधली बारीक फट ओलांडते, मग फोर्सिंग कोनच्या, म्हणजे नळीच्या निमुळत्या मागच्या तोंडाच्या, उतारावरून घसरत रायफलिंगमध्ये बसते. म्हणजे नळीच्या आधी थ्रोटने तिला एकदा मापून घेतलेलं असतं. तुम्ही ०.३५८ ची गोळी घातली आणि थ्रोट ०.३५६ चा असेल, तर नळीपर्यंत पोहोचते ती ०.३५६ चीच. तुम्ही डब्यावर काय वाचलं त्याला काही अर्थ उरत नाही.

मग ग्रूव्ह ०.३५७ चा असेल तर काय होतं? गोळी नळीत सैल. मागे ०.३५७ मॅग्नमचा दाब, ज्याची अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे सरासरी कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. तापलेला वायू गोळीच्या बाजूने पुढे निसटतो, शिशाची कड खरवडत आणि वितळवत जातो, आणि ते शिसं नळीच्या सुरुवातीला, फोर्सिंग कोनच्या जरा पुढे चिकटून बसतं. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. जळत्या बारुदाच्या वायूपुढे ते काहीच नाही. चार-सहा फैरींतच खाचा करड्या दिसू लागतात आणि नेम पसरतो.

इथे बहुतेक लोक चुकीचं औषध घेतात. शिसं चिकटतंय म्हणजे गोळी मऊ आहे, असं समजून जास्त कडक मिश्रधातूची गोळी आणतात. शुद्ध शिशाची ब्रिनेल कडकपणाची संख्या ५ च्या आसपास असते. ९० भाग शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी असं मिश्रण केलं तर ती १५ च्या आसपास जाते. छापखान्यातल्या लायनोटाइपच्या धातूची २२ च्या जवळ. मऊ गोळीचं बूड दाबाखाली थोडं फुगतं आणि सैल जागा भरून काढतं. कडक गोळी तशी फुगत नाही, वायूला वाट मोकळी राहते, आणि त्रास वाढतो. माझं ठाम मत आहे: माप चुकलेलं असताना कडकपणाकडे वळू नये. आधी माप, मग धातू, मग वंगण.

तांब्याच्या जॅकेटच्या, म्हणजे पातळ कवच चढवलेल्या, गोळीला हा त्रास का होत नाही? कारण तांबं १,०८५ अंशांना वितळतं, आणि जॅकेटवर वायूची धार सहज चालत नाही. म्हणून कारखान्याची जॅकेटवाली ०.३५७ ची गोळी त्याच रिव्हॉल्व्हरमधून व्यवस्थित जाते, आणि त्याच जाडीची ओतीव गोळी नळी खराब करते. ओतीव गोळी सहसा ०.३५८ ची आणि जॅकेटवाली ०.३५७ ची का विकली जाते, त्याचं मूळ हेच.

थ्रोट ग्रूव्हपेक्षा मोठा असेल तर प्रकरण सौम्य असतं. अर्धा ते एक थाऊ मोठा असणं तर चांगलंच. गोळी थ्रोटमध्ये अंगासरशी बसून सरळ निघते आणि नळीत गेल्यावर खाचा पूर्ण भरते. तीन-चार थाऊ मोठा असेल तर गोळी आतच जरा तिरकी होते आणि तशीच रायफलिंगमध्ये घुसते. त्यावर उपाय जाड गोळीचा, पण त्याला एक मर्यादा आहे. गोळी जाडावली की केसचं तोंडही फुगतं, आणि भरलेलं काडतूस घरात बोटाने सहज शिरलं नाही तर तो उपाय सोडून द्यायचा.

म्हणजे दोन मापांची कामं वेगळी आहेत. गोळी किती जाड घ्यायची ते थ्रोट सांगतो. ती निदान किती असायलाच हवी ते ग्रूव्ह सांगतो.

नावांवर मात्र भरवसा ठेवू नका. ०.३८ स्पेशल १९ व्या शतकाच्या अखेरीचं आणि ०.३५७ मॅग्नम १९३५ चं, पण दोन्हींत गोळी एकाच जाडीची जाते. १९५५ च्या ०.४४ मॅग्नमची गोळी ०.४४ नसून जॅकेटमध्ये ०.४२९ च्या घरात असते, ओतीव असेल तर बहुधा ०.४३०.

आता मोजायचं कसं. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण घोळ समजुतीत जितका होतो त्याहून अधिक मोजण्यात होतो. भाच्याने थ्रोट व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी मोजला होता. टूलरूममध्ये नवीन पोरगा आला की त्याला पहिल्यांदा हेच थांबवावं लागतं. त्या जबड्यांची टोकं धारदार नसतात, त्यांना थोडी सपाट रुंदी असते. नऊ मिलिमीटरच्या गोल भोकात ती सपाटी व्यासावर टेकत नाही, तिच्या दोन कडा टेकतात, आणि वाचन खऱ्यापेक्षा कमी येतं. जिथे एका थाऊचा प्रश्न आहे तिथे ते वाचन कामाचं नाही. थ्रोटला पिन गेज, म्हणजे नेमक्या मापाची गोल दांडी, घालावी. ०.३५८ ची पिन जाते, ०.३५९ ची जात नाही, झालं काम. पिन नसेल तर मऊ शिशाचा तुकडा तेल लावून रिकाम्या, काढून ठेवलेल्या सिलिंडरच्या थ्रोटमधून दाबून बाहेर काढायचा आणि मायक्रोमीटरवर धरायचा. थ्रोट गुळगुळीत असतो, त्यामुळे तुकडाही गोल आणि साफ निघतो. सहाच्या सहा घरं मोजावीत. कारखान्यात रीमर, म्हणजे भोक मापाला आणणारं हत्यार, झिजत जातो, एकाच सिलिंडरमधली घरं सारखी असतीलच असं धरून चालू नये.

नळीचं माप अवघड. मऊ शिसं नळीतून काढलं की त्याच्यावर खाचांच्या जागी उंचवटे आणि मधल्या पट्ट्यांच्या जागी खोलगट पट्टे उमटतात. सहा खाचांची नळी असेल तर उंचवट्यासमोर उंचवटा येतो आणि साधा मायक्रोमीटर चालतो. पण स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहसा पाच खाचा असतात. तिथे प्रत्येक उंचवट्यासमोर खोलगट पट्टा येतो. मायक्रोमीटरचा सपाट जबडा एका बाजूला उंचवट्यावर टेकतो आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या दोन उंचवट्यांच्या कडांवर, म्हणून वाचन कमी येतं. माणूस समजतो नळी घट्ट आहे, आणि बारीक गोळी घेऊन बसतो. यासाठी पाच धारांच्या कटरसाठी असतो तो व्ही-अॅन्व्हिलचा मायक्रोमीटर लागतो. तो नसेल तर तुकड्याभोवती शिम, म्हणजे धातूची पातळ पट्टी, एक वेढा घट्ट गुंडाळून मोजायचं आणि शिमच्या जाडीची दुप्पट वजा करायची.

भाच्याची रिव्हॉल्व्हर ०.४४ मॅग्नम. नीट मोजल्यावर ग्रूव्ह ०.४२९ चा निघाला आणि सगळ्या थ्रोटमध्ये ०.४३० ची पिन गेली, ०.४३१ ची अडली. उत्तर ०.४३०. त्याचा साचा गोळी जरा जाड टाकतो, म्हणून सायझिंग डाय, म्हणजे गोळी दाबून मापाला आणणारा साचा, ०.४३० ची. साच्यातून पडणारी जाडी धातूवरही अवलंबून असते. लायनोटाइपसारखं मिश्रण थंड होताना कमी आकसतं, शुद्ध शिसं जास्त. त्यामुळे धातू बदलला की गोळी पुन्हा मोजावी.

थ्रोट ग्रूव्हपेक्षा लहान निघाला तर गोळी बदलून उपयोग नाही. परवानाधारक गनस्मिथकडून थ्रोट रीमरने मोठे करून घ्यायचे, सगळे एकाच मापाला. आणि सगळं बरोबर असूनही शिसं चिकटत असेल तर नळी जिथे फ्रेममध्ये आट्यांवर आवळलेली असते ती जागा तपासावी. शिशाचा तुकडा नळीतून ढकलताना तिथे हाताला एकदम जड लागतं आणि पुढे गेल्यावर हलकं होतं. आवळण्याच्या ताणाने नळी तिथे आत दबलेली असते, आणि योग्य मापाची गोळीही त्या गळ्यातून बारीक होऊनच पुढे जाते. ती जागा लॅपिंगने, म्हणजे बारीक घासून, मोकळी करावी लागते.