बॅटरी झोपेतच संपते

दौंडच्या उसात ओलावा मोजणारा वायरलेस नोड (सेन्सर, प्रोसेसर आणि रेडिओ असलेली छोटी पेटी) रोवला, तर दिवसभरात त्याचं खरं काम जेमतेम दीड-दोन मिनिटांचं. दर 15 मिनिटांनी उठायचं, मोजायचं, आकडा पाठवायचा, परत झोपायचं. तरी महिन्याच्या आत बॅटरी संपते, आणि खापर फुटतं रेडिओवर.

हिशेब मांडू. डबल-ए आकाराच्या 3.6 व्होल्टच्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलमध्ये साधारण 2400 मिलिअँपिअर-तास साठा असतो. लोरा, म्हणजे कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ, पाठवताना 40 मिलिअँपिअर ओढतो, पण एसएफ7 या त्याच्या जलद सेटिंगवर छोटा संदेश 60 मिलिसेकंदांत जातो. दिवसाचे 96 संदेश धरले तरी वर्षाचा खर्च 23 मिलिअँपिअर-तास. आता पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला तयार डेव्हलपमेंट बोर्ड बघा. त्यावरचा 1117 जातीचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, स्वतःसाठीच सुमारे 5 मिलिअँपिअर घेतो. प्रोसेसर गाढ झोपला तरी 20 दिवसांत सेल रिकामा! त्याऐवजी एमसीपी1700 सारखा रेग्युलेटर लावला की हाच खर्च दीड-दोन मायक्रोअँपिअरवर येतो. पॉवरचा एलईडी तर आधी उपटावा. शेतात तो बघणार कोण?

बाकीची गळती बारीक, पण चिवट असते. पुल-अपचा, म्हणजे पिनला वरच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारा, 10 किलोओहमचा रोध असलेली प्रोसेसरची पिन झोपताना शून्यावर राहिली, तर 330 मायक्रोअँपिअर वाहत राहतात. वर्षाला जवळपास 2900 मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या साठ्यापेक्षा जास्त. बॅटरीचा व्होल्टेज मोजायला लावलेले दोन 100 किलोओहमचे रोध वर्षाला 158 मिलिअँपिअर-तास खातात. ते मोजण्यापुरतेच जोडावेत. सेन्सरची वीज मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडली, पण आयटूसीच्या, म्हणजे सेन्सर आणि प्रोसेसरमधल्या संदेशांच्या, तारा वरच्या पातळीवर राहिल्या, तर प्रवाह सेन्सरच्या संरक्षक डायोडमधून मागल्या दाराने आत शिरतो. म्हणून त्या तारांचे पुल-अपही सेन्सरच्याच तोडलेल्या विजेवर घ्यावेत आणि झोपण्याआधी पिना इनपुट कराव्यात.

ही गळती मल्टिमीटरवर दिसते, फक्त मोजताना एक अडचण येते. मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये मीटरचा आतला रोध 100 ओहमच्या आसपास असला, तर 40 मिलिअँपिअरला 4 व्होल्ट मीटरवरच पडायला हवेत. तेवढे सेलकडे नाहीत, त्यामुळे नोड रीसेट होत राहतो. मीटरची दोन टोकं तारेने जोडून नोड सुरू करा आणि तो झोपल्यावर तार काढा. आकडा 10 मायक्रोअँपिअरच्या आत आला, तर झोपेचा वर्षाचा खर्च 88 मिलिअँपिअर-तासांच्या आत राहतो.

रेडिओची पाळी त्यानंतरची, आणि तिथे उसाचा संबंध येतो. लागणीच्या वेळी गेटवेपर्यंत, म्हणजे नोडचे संदेश घेऊन इंटरनेटवर टाकणाऱ्या यंत्रापर्यंत, एसएफ7 सहज पोचतो. आडसाली ऊस डोक्यावर गेला की ओल्या पानांच्या गर्दीत सिग्नल दबतो, आणि नेटवर्क हळूहळू एसएफ12 या लांब पोचणाऱ्या पण संथ सेटिंगवर सरकतं. तोच संदेश मग दीड सेकंद हवेत राहतो आणि वर्षाचा खर्च 23 वरून 580 च्या पुढे जातो. उपाय साधा आहे: अँटेना बांबूवर, उसाच्या शेंड्यांच्या वर. शिवाय ओलावा तासातासाला उड्या मारत नाही. मोजणी 15 मिनिटांनी चालू द्या, पण आकडा दोन टक्क्यांनी बदलला तरच पाठवा. नाहीतर सहा तासांनी एकदा नुसती हजेरी पुरे.

एवढं करूनही एक नोड अचानक गप्प होतो, आणि सेल तपासला तर भरलेला! थायोनिल क्लोराइड सेल बराच काळ जवळपास प्रवाहाशिवाय राहिला की लिथियमवर क्षाराचा पातळ थर चढतो. पाठवायच्या क्षणी व्होल्टेज कोसळतो, नोड रीसेट होतो आणि नेटवर्कला पुन्हा जोडून घ्यायला लगेच पाठवतो, म्हणजे परत कोसळतो. सेलला समांतर 0.1 फॅरडचा, कमी आंतररोधाचा कपॅसिटर लावला, तर 60 मिलिसेकंदांत व्होल्टेज फार तर 0.03 व्होल्टने घसरतो. कपॅसिटरची स्वतःची गळती मात्र डेटाशीटमध्ये बघूनच घ्यावी, कारण स्वस्तातला सुपरकपॅसिटर पूर्ण नोडपेक्षा जास्त पिऊ शकतो. आणि पुन्हा जोडणीचा प्रयत्न फसला, तर पुढचा प्रयत्न एका मिनिटाने, मग दोन, मग चार, असा लांबवत न्यावा.