सायकलचा भार कुणाच्या खांद्यावर?

माझ्या माउंटन बाइकच्या टॉप ट्यूबवर, म्हणजे हँडलकडून सीटकडे येणाऱ्या वरच्या नळीवर, अंगठ्याच्या नखाएवढा चट्टा आहे. तिथला रंग गेलाय आणि खालचं ॲल्युमिनियमही घासून गुळगुळीत झालंय. सायकल पडलेली नाही, कुठे आपटलेलीही नाही. गाडीच्या मागच्या रॅकवर चार तास टांगून नेली होती, एवढंच. रॅकच्या रबरी खोबणीत नळी बसवताना आदल्या दिवशीचा वाळलेला चिखल पुसायचा राहिला होता. रबर मऊ असतं, पण चिखलातल्या वाळूत क्वार्ट्‌झचे कण असतात. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोहस श्रेणीत क्वार्ट्‌झ ७ वर आहे आणि ॲल्युमिनियम ३ च्याही खाली. गाडीच्या प्रत्येक हादऱ्यासरशी नळी त्या कणांवर जराशी सरकत होती. चार तास पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच झालं.

रॅक घ्यायचा म्हटला की पहिली चौकशी होते ती किती सायकली मावतात याची. त्या चट्ट्यानंतर मी दोन प्रश्न त्याच्या आधी विचारायला लागलो. रॅक सायकलला नेमकं कुठे धरतो? आणि धरलेला भार गाडीच्या कुठल्या भागावर उतरवतो? सायकलपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत जोर कसा प्रवास करतो ते एकदा दिसलं, की समोरचे निम्मे पर्याय आपोआप गळतात.

आधी भाराचंच बघू. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेंशन असलेली माउंटन बाइक साधारण १४-१५ किलो भरते. बॅटरीवाली असेल तर २२ ते २५ किलो. हे झालं स्थिर वजन. गाडी खड्ड्यातून बाहेर येताना तिचा मागचा भाग गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट त्वरणाने वर उसळला, तर त्या क्षणी १५ किलोची सायकल रॅकला ४५ किलोसारखी जाणवते: एक पट स्वतःचं वजन आणि दोन पट उसळीचं. पुढच्याच क्षणी गाडी खाली जाते, सायकल जवळजवळ वजनहीन होते, पट्टे सैल पडतात आणि मग ती परत आदळते. रॅकवर लिहिलेली किलोंची मर्यादा वाचताना हे डोळ्यांसमोर असावं. कच्च्या रस्त्यासाठी काही कंपन्या वेगळी, कमी मर्यादा देतात. ती बारीक अक्षरांत असते, पण माउंटन बाइकवाल्याला लागू होणारी मर्यादा बहुधा तीच असते, कारण आपली वाट शेवटी डांबर सोडतेच.

आता हा भार टाकायचा कुठे? माझं मत स्पष्ट आहे. गाडीला टो हिच असेल किंवा बसवता येत असेल, तर तिथेच. हिच म्हणजे मागे ट्रेलर जोडण्यासाठी थेट सांगाड्याला बोल्टने आवळलेली जागा. कुठे ती चौकोनी पोकळ नळी असते, सव्वा इंची किंवा २ इंची. कुठे ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. मुळात ओढण्याचा जोर सोसायलाच ती बनवलेली असल्यामुळे पत्र्यावर, काचेवर किंवा रंगावर काही येत नाही. सायकल कमरेइतक्या उंचीवर चढवायची असते, हा फायदा दमून परत आल्यावर कळतो.

पण हिचवरचा रॅक ही एक तरफ आहे आणि तिचा हिशोब सोडता येत नाही. समजा रॅक २० किलोचा आणि त्यावर १५-१५ किलोच्या दोन सायकली, एकूण ५० किलो. हा भार मागच्या चाकांच्या आसापासून १.३ मीटर मागे आहे आणि गाडीच्या दोन आसांमधलं अंतर २.६ मीटर आहे असं धरू. मागचा आस हा सी-सॉचा टेकू झाला. ५० किलो मागे लटकले, तर पुढच्या चाकांवरचा २५ किलो भार उचलला जातो आणि मागच्या चाकांवर ७५ किलो येतो. ठेवले ५०, वाढले ७५! गाडीच्या पुस्तिकेत हिचवर किती उभा भार चालेल याचा वेगळा आकडा असतो. ट्रेलर किती किलोचा ओढता येईल हा आकडा त्याहून कितीतरी मोठा असतो आणि लोक चुकून तोच धरतात. पहायचा तो उभ्या भाराचा, आणि त्यात रॅकचं स्वतःचं वजनही मोजायचं.

तरफेचं दुसरं अंग म्हणजे डगडग. चौकोनी नळी दुसऱ्या नळीत सरकवायची तर थोडी फट ठेवावीच लागते. २० सेंटिमीटर लांबीच्या जोडात १ मिलिमीटर फट असेल, तर १ मीटर दूरचं टोक ५ मिलिमीटर हलतं. त्यात सायकलीचं वजन आहेच. म्हणून चांगल्या रॅकमध्ये आत पाचर आवळणारा स्क्रू असतो, जो ही फट पूर्ण मिटवतो. रॅक निवडताना मी हा स्क्रू आधी शोधतो.

फट मिटवली तरी रॅक आणि सायकली मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखंच वागतात. त्यांची डोलण्याची स्वतःची एक लय असते. ती सेकंदाला ५ डोलांची असेल आणि दर २ मीटरला उंचवटा असलेल्या रस्त्यावरून तुम्ही ताशी ३६ किलोमीटर वेगाने निघालात, तर सेकंदाला १० मीटर, म्हणजे नेमके ५ धक्के! झोपाळ्याला दर वेळी योग्य क्षणी ढकलावं तसा प्रत्येक धक्का आधीच्या डोलात भर घालतो. याला अनुनाद म्हणतात. आरशात सायकली भलत्याच हलताना दिसल्या, तर वेग थोडा उतरवून पाहा. लय चुकली की डोलणं निवतं.

छतावरचा रॅक सगळ्यात जुना आणि आजही उपयोगी आहे. डिकी मोकळी राहते, मागचे दिवे झाकले जात नाहीत, हिचची गरज नसते. मात्र हवेशी गाठ पडते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ४६० न्यूटन भरतो. साध्या मोटारीला त्यामुळे साधारण ३१ किलो वजनाइतका जोर मागे रेटतो. छतावर उभी केलेली एक माउंटन बाइक, जाड टायर आणि रुंद हँडलसकट, माझ्या ढोबळ अंदाजाने त्यात आणखी ७ किलोंची भर घालते. दोन सायकली आणि आडवे दांडे धरले तर भर मोटारीच्या मूळ ३१ किलोंच्या निम्म्याच्या आसपास जाऊ शकते, आणि इंधन त्या हिशोबाने जळतं. वेग ८० वर आणला तर हाच जोर एक तृतीयांशाहून जास्त उतरतो. मागच्या रॅकवर सायकल गाडीच्या आडोशाला, आधीच ढवळलेल्या हवेत असते, म्हणून तिथे एवढं नुकसान होत नाही. फक्त दोन्ही बाजूंना डोकावणारी चाकं वारा खातात.

छतावरच्या गोल दांड्यांची ती एकसुरी घरघरही हवेचीच. गोल वस्तूवरून हवा जाताना मागे आलटून पालटून, एकदा वरून एकदा खालून, भोवरे सुटतात. चेक भौतिकशास्त्रज्ञ विन्सेन्स श्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये हवेत गुणगुणणाऱ्या तारांवर प्रयोग करून दाखवलं, की सुरांची वारंवारता वेग आणि जाडी यांच्या गुणोत्तरावर ठरते. त्या गुणोत्तराला सुमारे ०.२ ने गुणायचं. ३० मिलिमीटर जाडीचा दांडा, ताशी १०० किलोमीटर वेग: उत्तर येतं सेकंदाला साधारण १८५ कंपनं. कानाला नीट ऐकू येणारा खालचा सूर. दांड्याचा आकार पंखासारखा निमुळता केला की भोवरे नीट तयार होत नाहीत आणि घरघर बरीच मिटते. असे दांडे महाग का, याचं उत्तर यात आहे.

छताचीही वजनाची मर्यादा असते. कित्येक मोटारींना ती ७५ किलोच्या आसपास असते आणि दांडे, रॅक, सायकली सगळं त्यात मोजायचं. शिवाय दीड मीटर उंच गाडीवर सायकल उभी केली की एकूण उंची पावणेतीन मीटरपर्यंत जाते. तळघरातल्या पार्किंगची उंची बऱ्याचदा दोन-सव्वादोन मीटर असते. दिवसभर छतावर काय आहे हे संध्याकाळी विसरतं, म्हणून स्टिअरिंगवर डोळ्यांसमोर कागदी पट्टी चिकटवावी.

डिकीच्या झाकणाला पट्ट्यांनी अडकवायचा रॅक स्वस्त आणि हलका असतो, पण सगळा भार पत्र्याच्या कडांवर आणि त्यांना अडकवलेल्या हुकांवर येतो. हलकी सायकल, जवळचा प्रवास, चांगला रस्ता, एवढ्यापुरता तो ठीक. झाकणावर काच किंवा प्लॅस्टिकचा स्पॉयलर असेल तर विचारही करू नये.

पहिल्या प्रश्नाकडे परत येतो: सायकलला धरायचं कुठे? टांगणारे रॅक आडव्या, सरळ टॉप ट्यूबच्या जमान्यात जन्मले. आजच्या माउंटन बाइकची ही नळी मागे उतरती असते, मधला त्रिकोण लहान असतो आणि त्यात शॉक ॲब्सॉर्बर बसलेला असतो. ती नीट टांगली जात नाही, तिरकी होते, पेडल शेजारच्या सायकलच्या स्पोकमध्ये घुसतं. फ्रेम कार्बनची असेल तर प्रश्न गंभीर होतो. कार्बनचे धागे लांबीच्या दिशेने प्रचंड ताण सोसतात. क्लॅम्प मात्र पातळ भिंतीला बाजूने चिमटतो. तिथे धाग्यांचं बळ फारसं कामी येत नाही, राळ, म्हणजे धाग्यांना चिकटवून धरणारा पदार्थ, आणि थरांमधला जोड यांच्यावर सगळं येतं. आतले थर सुटू शकतात आणि वरचा रंग अगदी कोरा राहतो. दिसत नाही, म्हणून घातक.

म्हणून मी चाकाला धरणाऱ्या रॅकच्या बाजूने आहे. दोन्ही चाकं खोबणीत बसतात आणि एक वाकडा हात पुढच्या टायरवर येऊन खाली दाबतो. फ्रेमला काहीच शिवत नाही. हवा भरलेला टायर स्वतःच उशीचं काम करतो. फक्त मापं घ्यावीत: टायरची रुंदी, चाकाचा व्यास आणि दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर. मोठ्या मापाच्या आधुनिक सायकलीत ते १.२ मीटरच्या पुढे जातं आणि जुन्या रॅकच्या खोबणीत बसत नाही. मडगार्ड असेल तर हात अडतो, तेही आधीच बघावं.

पुढचं चाक काढून फोर्कला, म्हणजे ते चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाला, धरणारे रॅकही असतात. सायकल बुटकी होते, हवा कमी अडते. पण आसाचं माप जुळायला हवं. जुन्या सायकलींना ९ मिलिमीटरचा क्विक रिलीज, म्हणजे छोट्या दांडीने झटकन सुटणारा आस, असायचा, आता बहुतेक माउंटन बाइकला १५ मिलिमीटरचा आरपार आस असतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मधे प्लॅस्टिकचा तुकडा घालावा. कुणी चुकून ब्रेक दाबला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि मुक्कामावर पोचल्यावर चाक परत बसत नाही.

मागच्या रॅकवर सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर किंवा कार्बनची रिम येत नाही ना, हे खाली वाकून बघावं. दिवे आणि नंबर प्लेट झाकली जात असतील तर दिव्यांची वेगळी पट्टी लावावी लागते.

सगळं बांधून झालं की मी सर्वात मागच्या सायकलचं चाक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवतो आणि नजर रॅकच्या मुळाशी ठेवतो. सगळी गाडी सस्पेंशनवर डोलायला हवी. गाडी स्थिर आणि रॅक एकटाच हलत असेल, तर कुठेतरी फट आहे. मग पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा ओढायचे, कारण ताणलेला पट्टा पहिल्या काही वेळातच थोडा लांबतो. नायलॉनचा असेल तर ओला झाल्यावर पाणी पिऊन आणखी सैल पडतो, पॉलिएस्टरचा त्या मानाने टिकून राहतो. पाऊस लागला की मी पुन्हा एकदा थांबतो.